पाच आठवड्यांची पिल्लं रविवारी पुण्याला पाठवू का?

गावभागातली

नमस्कार. सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. घरात चिंगी, तिरंगी मांजर, तीन वर्षांची. वटपौर्णिमेच्या रात्री ती माळ्यावर गोधड्यांच्या गाठोड्यात व्याली. चार पिल्लं. दोन पिवळी, एक काळं, एक अगदी आईसारखं. आज त्यांना छत्तीस दिवस झाले. मधल्या काळात तिने त्यांना दोनदा हलवलं, माळ्यावरून कपाटात आणि तिथून देवघराशेजारच्या खोलीत. सात घरं फिरवते म्हणतात, आमच्याकडे दोनावर भागलं.

माझी नणंद रविवारी पुण्याहून येतेय आणि तिच्या मुलीला एक पिवळं पिल्लू न्यायचंय. सासूबाईंचं म्हणणं, पिल्लं दूधभात खायला लागली म्हणजे आईपासून सुटली, आता न्यायला हरकत नाही. त्यांच्या माहेरी असंच द्यायचे. बशीतला दूधभात खातात हे खरं आहे. पण अजून दिवसातून चार-पाच वेळा चिंगीच्या अंगावर पितात आणि रात्री तिच्या पोटाशीच झोपतात. माझा जीव होत नाही. पण नुसता माझाच जीव होत नाही म्हणून मी थांबवतेय की त्याला खरंच काही कारण आहे, हे मला कळत नाहीये.

दुसरं म्हणजे पाऊस. कृष्णेचं पाणी वाढायला लागलंय. रोज सकाळी उठलं की आधी आयर्विन पुलाचा फुटांचा आकडा बघायचा. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या माजघरात कमरेच्या वर पाणी होतं. ह्यांना वाटतं, पाणी चढायच्या आत पिल्लं ज्याला हवी त्याला देऊन टाकावीत, निदान ती तरी सुरक्षित राहतील. शेजारच्या काकूंना एक हवंय, ह्यांच्या मित्राला हळदीच्या गोदामात उंदरांसाठी एक हवंय. म्हणजे आठवड्याभरात घर रिकामं.

दोन दिवस पिल्लांना शीसुद्धा पातळ होतेय. नणंदेला नाही म्हणायचं तर कारण नीट सांगता आलं पाहिजे. किती दिवसांची झाल्यावर द्यावीत?

मळ्यातला

ताई, एवढा विचार करू नका. आमच्या वस्तीवर गोठ्यात दर वर्षी मांजराची एक तरी वीण असते. पिल्लू महिन्याचं झालं, भाकरी-कालवण चाटायला लागलं की मागेल त्याला देतो. लहानपणी नेलं तर लवकर रुळतं. मोठं झालेलं नेलं की पळून जातं. आजवर कुणाचं काही झाल्याचं ऐकलं नाही.

मंगळवार पेठेतल्या बाई

गावभागातली, रविवारी देऊ नका. आधी उत्तर सांगून टाकलं, आता कारण सांगते. थोडं लांबेल.

मी साताऱ्याची, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहते. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले. घरात मांजरं सासऱ्यांच्या वेळेपासून. गेल्या बारा वर्षांत आमच्याकडून सत्तावीस पिल्लं बाहेर गेली आणि प्रत्येकाची नोंद माझ्या वहीत आहे. जन्म, डोळे उघडले तो दिवस, दर रविवारचं वजन, कुणाकडे गेलं, पुढे कसं निघालं. ती वही मला का सुरू करावी लागली तेच सांगते.

आमच्या सोनीचं पहिलं पिल्लू मी तिसाव्या दिवशी दिलं. तुमच्या सासूबाईंचा जो हिशोब तोच माझाही होता. खातंय ना, मग झालं. शाळेतल्याच एका बाईंनी नेलं. घर चांगलं, माणसं मायेची. तीन महिन्यांनी त्या मला म्हणाल्या, "हा रोज रात्री माझ्या शालीचं टोक तोंडात धरून चोखत बसतो. पंजांनी मळत राहतो, शाल ओलीचिंब होते." आणि खेळताना हात तोंडात आला की सोडायचा नाही, रक्त निघेपर्यंत चावायचा. त्यांचा मुलगा तेव्हा दुसरीत होता. त्याच्या दोन्ही हातांवर कायम ओरखडे. बोका मोठा झाला तरी दोन्ही सवयी राहिल्या, आणि मुलगा हळूहळू त्याच्याजवळ जाईनासा झाला. बाईंनी त्याला शेवटपर्यंत सांभाळलं. पण चूक माझी होती आणि ती त्या जिवाला जन्मभर पुरली.

पुढच्या विणीला मी ठरवलं, अकरा आठवडे एकही पिल्लू हलवायचं नाही. रोज दिवेलागणीला मागच्या पडवीत त्यांच्याजवळ बसायचे. तेव्हा कळलं की आपण जे बघून "झालं" म्हणतो, ते नुसतं पोटाचं काम असतं. आठ-दहा दिवसांत डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात दुधाचे दात डोकावतात, चौथ्यात धडपडत चालतात आणि बशीत तोंड घालतात. बशीत तोंड घातलं म्हणजे बालवाडीत नाव घातलं, एवढंच. शाळा पुढे आहे.

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून त्यांची मारामारी सुरू होते. माझ्या वहीत एक नोंद आहे, बेचाळिसावा दिवस. काळ्याने पांढरीचा कान चावला. ती किंचाळली आणि खेळ टाकून पाटाखाली जाऊन बसली. काळा तिथेच उभा, कुणी खेळायलाच नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा आली, आणि या वेळी त्याने धरलं ते हलकं धरलं. हे दिवसातून वीस वेळा चालतं. आईची शेपटी चावली तर ती नख्या आत ओढून टपली देते, नाहीतर मागच्या पायांनी ढकलून देते. किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं, हे पिल्लू असंच शिकतं. आपण माणसं ओरडलो तर ते नुसतं घाबरतं. तिसाव्या दिवशी मी ज्याला दिलं त्याला कान चावून घेणारी बहीणच मिळाली नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. सहाव्या-सातव्या आठवड्यात आई नाही म्हणायला लागते. पिल्लं लुचायला आली की ती थोडं पाजते आणि उठते. आमची सोनी उडी मारून फळीवर जाऊन बसायची. खाली चौघं तोंड वर करून ओरडायची, पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग एकेक जण कंटाळून बशीकडे वळायचा. पुढच्या दिवशी ती आणखी थोडं कमी पाजायची. असं करत करत आठव्या आठवड्याच्या आसपास दूध जवळजवळ सुटतं, आणि ते कुणालाही न दुखता सुटतं. शालीचं टोक चोखणाऱ्या बोक्याचं दूध मी तोडलं होतं, त्याच्या आईने नाही.

मळ्यातले दादा, तुमचं एक म्हणणं बरोबर आहे. लहानपणीच माणसाची ओळख व्हायला हवी. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्याचा हात लागतो, आवाज ऐकू येतो, त्याची भीती पुढे वाटत नाही. पण ती ओळख आईच्या देखत, आहे त्याच घरात होऊ शकते, त्यासाठी न्यावं लागत नाही. गावभागातली, रविवारी नणंदेच्या मुलीला जमिनीवर बसवा. पिवळ्याला मांडीवर घेऊ दे, तास-दोन तास खेळू दे. जाताना तिची जुनी ओढणी ठेवून घ्या आणि पिल्लांच्या अंथरुणात घाला. पुढे तो तिच्याकडे जाईल तेव्हा तिचा वास त्याला घरचाच वाटेल. मी आता प्रत्येक नेणाऱ्याला एकदा तरी आधी येऊन बसायला लावते. जो दोन तास बसायला येत नाही त्याला मी पिल्लू देत नाही.

आता तारीख. तुमची पिल्लं वटपौर्णिमेची, त्यामुळे दिवस मोजणं सोपं आहे. नागपंचमीला सात आठवडे होतात. राखीपौर्णिमेला साठ दिवस, म्हणजे आठ आठवडे उलटून गेलेले असतात. गणेश चतुर्थीला अकरा आठवडे. आठ आठवडे ही खालची रेघ, त्याच्या आत कुणालाही नाही. दहा ते बारा उत्तम. नणंद राखीला माहेरी येणारच असेल, आणि गणपतीलाही. तुमच्या जागी मी असते तर तिला म्हटलं असतं, राखीला येशील तेव्हा पुन्हा त्याच्याशी खेळ, आणि गणपती झाले की तुझ्याबरोबर पाठवते.

वजन मात्र करत जा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेलं ठेवायचं, आकडा शून्य करायचा आणि पिल्लू आत सोडायचं. आत्ता साडेचारशे-पाचशे ग्रॅम असायला हवं, आठ आठवड्यांना आठशे-नऊशे. आठवड्याला शंभर ग्रॅमच्या आसपास वाढ धरा. वाढत नसेल तर ते पिल्लू कितीही दिवसांचं असो, थांबवायचं.

पातळ शी गाईम्हशीच्या दुधाची असावी. मांजराच्या पिल्लाला ते पचत नाही. आजपासून दूध बंद करा, पाणी ठेवा. नुसता भातही उपयोगाचा नाही, मांजराची जात मांसावरची आहे. तुमच्याकडे चालत नसेल तर पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य मिळतं, ते कोमट पाण्यात भिजवून मऊ करून द्या. चालत असेल तर बिनमिठाचं उकडलेलं चिकन, बारीक कुस्करून. कांदा-लसूण त्यात अजिबात नको, मांजराला ते विषासारखं आहे.

आणि एका आठवड्यात चारही देणं, हे चिंगीसाठीही वाईट. अंगावर दूध असताना सगळी एकदम गेली तर सड सुजतात, गाठी होतात, ताप येतो. एकेक द्या, मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या. तरीही ती शोधेल. सोनी प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस तोंडातल्या तोंडात हाक मारत सगळ्या खोल्या फिरायची. तेव्हा मी तिच्याजवळ जास्त बसते, दुसरं काही करता येत नाही.

तासगावचा डॉक्टर

बाईंनी जवळजवळ सगळं सांगितलं. मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, आता तासगाव भागात असतो. गुरंच जास्त, पण मांजरंही येतात. औषधाच्या बाजूचं तेवढं लिहितो.

पहिल्या दिवसाच्या चिकातून पिल्लाला आईकडून प्रतिकारशक्ती मिळते. ती साधारण सहाव्या आठवड्यापासून उतरायला लागते, पिल्लागणिक वेगवेगळ्या वेगाने. पिल्लाची स्वतःची ताकद अजून तयार नसते. म्हणजे पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू नेमकं मधल्या खड्ड्यात असतं. त्याच वेळी आई सुटली, दूध सुटलं, घर बदललं, प्रवास झाला, तर त्या ताणात आजार धरतो. दवाखान्यात मी जी नव्याने नेलेली, मान टाकलेली पिल्लं बघतो, त्यात याच वयाची जास्त असतात. पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा विषाणूचा आजार सगळ्यात वाईट. उलट्या, जुलाब, आणि दोन दिवसांत पिल्लू हातचं जातं.

त्यामुळे पहिली लस आठ आठवड्यांना टोचा, तीन आजारांवरची मिळून एकच असते. मग तीन ते चार आठवड्यांनी पुढची, अशी सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना. घरातच राहणार म्हणून लस नको असं करू नका, जंतू आपल्या चपलांवरूनही येतात. जंताचं औषध अजून दिलं नसेल तर आता द्या, पण वजनावर आणि डॉक्टरांना विचारूनच. पिसवा असतील तर बारीक दातांची फणी फिरवा. कुत्र्यांसाठीची गोचिडांची पावडर किंवा थेंब मांजराला चुकूनही लावू नका, त्यातल्या परमेथ्रिनने मांजर मरतं. दूध बंद करूनही दोन दिवसांत शी घट्ट झाली नाही, किंवा पिल्लू सुस्त झालं, तर लगेच दाखवा.

मळ्यातले भाऊ, "काही झालं नाही" याबद्दल. गोठ्यातून दिलेल्या पिल्लाचं पुढे काय झालं हे आपल्याला बहुतेक वेळा कळतच नाही. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लोकांनी साधारण पावणेसहा हजार मांजरांच्या मालकांकडून सविस्तर माहिती घेतली होती, २०१७ ला ती प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा जास्त निघाला. चौदा आठवड्यांपर्यंत आईजवळ राहिलेली सगळ्यात शांत होती. बाईंच्या वहीतही तेच दिसतंय.

गोदामाचं मात्र मला खटकतं. पोत्यांच्या कडेला उंदरांचं औषध ठेवतात का ते विचारा. ठेवत असतील तर देऊ नका. औषध खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला की मांजरही जातं. आणि दोन महिन्यांचं पिल्लू तिथे एकटं सोडून उंदीर धरणार नाही, तेही त्यांना सांगा.

चिंगीचं ऑपरेशन याच वेळी ठरवून टाका. पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत पुन्हा विते. दूध आटून दोनेक आठवडे झाले की करता येतं. तोवर बोक्यांपासून जपा.

सांगलवाडीकर

पुराचं मी सांगतो, कारण ते मी केलंय. २०१९ ला आमच्याकडे मांजर आणि तीन पिल्लं होती, पिल्लं महिन्याच्या आसपासची. पाणी दारात आलं तेव्हा आईनं म्हटलं, पिल्लं कुणाला तरी देऊ. त्या दिवशी ज्याला त्याला आपलीच पडलेली, घेणार कोण आणि बघणार कोण? मग सगळीच बरोबर नेली.

द्राक्षाचे दोन प्लॅस्टिकचे क्रेट घ्या. एकात गोणपाट आणि तिचीच गोधडी अंथरा. आधी पिल्लं ठेवा, आई आपोआप आत जाते. दुसरा क्रेट वरून उलटा घालून चारी बाजूंनी सुतळीनं घट्ट बांधा. हवा खेळते, पंजा बाहेर येत नाही, आणि नावेत चढवताना एका हातानं धरता येतं. आम्ही नऊ दिवस नातेवाइकांच्या जिन्याखाली होतो. आई जवळ होती म्हणून पिल्लं गप होती, प्यायची आणि झोपायची. पूर ओसरल्यावर तिन्ही धडधाकट घरी आली.

एक काळजी घ्या. पाणी वाढायला लागलं की मांजर पिल्लांना स्वतःच हलवते आणि आपल्याला सापडत नाही. आकडा पस्तिसाच्या पुढे गेला की खोलीचं दार लावून घ्या. क्रेट आत्ताच आणून उघडा ठेवा, त्यात झोपायची सवय होऊ द्या. ऐन वेळी कोंबायला गेलात तर बोचकारेल.

मळ्यातला

बाई, डॉक्टर, वाचलं. आम्ही दिलेल्या पिल्लांचं पुढं काय झालं ते खरंच कधी विचारलं नाही. यंदाच्या विणीतली दोन अजून गोठ्यातच आहेत, चार आठवड्यांची. मागायला आलेल्याला श्रावण संपल्यावर ये म्हणून सांगतो. डॉक्टर, लशीला तासगावला घेऊन येतो.

गावभागातली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाईंचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. फळीवर जाऊन बसणाऱ्या सोनीपाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, चिंगीपण परवापासून शिवणाच्या मशीनवर जाऊन बसते आणि पिल्लं खाली ओरडतात, मला वाटलं ती वैतागलीय. मग स्वतःच नणंदेला फोन केला आणि सांगितलं, गणपती झाल्यावर ने. भाची रडली थोडी. पण रविवारी येतेय, ओढणी घेऊन. नणंद विचारत होती, फ्लॅटमध्ये दिवसभर कुणी नसतं, दोन्ही पिवळे एकत्र नेले तर चालतील का? मला तर ते फार आवडलं.

गोदामाला नाही सांगितलं. ह्यांनी विचारलं तर तिथे औषध ठेवतातच. दूध बंद केलंय, भिजवलेलं खाद्य पहिल्या दिवशी नुसतं हुंगलं, आज खाल्लं. ह्यांनी मार्केटमधून दोन क्रेट आणले आणि काळं त्यात लगेच झोपलंसुद्धा. आज सकाळी पुलाजवळ अठ्ठावीस फूट होतं.

वजनं केली. मोठा पिवळा ५१०, धाकटा पिवळा ४६०, काळं ४८०, आईसारखं ३९०. हे शेवटचं कमी आहे का?

मंगळवार पेठेतल्या बाई

दोघे एकत्र नेत असतील तर फारच छान, एकमेकांचे कान चावत मोठे होतील. फक्त खिडक्या-गॅलऱ्यांना जाळी आहे ना ते विचारा, आणि नसेल तर आधी बसवून घ्यायला सांगा. प्रवासाच्या आधी तीन-चार तास खायला देऊ नका, आणि चिंगीच्या अंथरुणाचा एक तुकडा बरोबर द्या. पहिले दोन दिवस एकाच खोलीत ठेवायचे, सगळं घर एकदम दाखवायचं नाही.

३९० कमी आहे, पण घाबरू नका. तिरंगी आहे म्हणजे ती मादीच असणार. बशीवर भाऊ तिला मागे ढकलत असतील, आज नीट बघा. तिला दिवसातून तीन वेळा वेगळ्या खोलीत एकटीला खायला घाला, आणि चिंगी पाजायला बसली की तिला मागच्या सडांना लावा. ती सगळ्यांच्या शेवटी दुसऱ्या घरी जाईल, किंवा जाणारच नाही. रोज एकाच वेळी वजन करा आणि गुरुवारी आकडा इथे लिहा. तोवर दहा-दहा ग्रॅमनी जरी चढत नसेल तर गुरुवारची वाट न बघता डॉक्टरकडे न्या.